भाषा-प्रयोगशाळेआधी वेळापत्रक बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका व्यावसायिक माध्यमिक शाळेत वाहनदुरुस्ती, इलेक्ट्रिकल, रुग्णसेवा आणि हॉटेल-व्यवसाय असे चार विभाग आहेत. प्रत्येक वर्गाला आठवड्याला दोन तास परकीय भाषा. मुलं विचारतात, "मॅडम, पाना फिरवायला ही भाषा कशाला?" भाषेच्या शिक्षिका एकट्या पडल्या आहेत. शाळेला थोडा निधी मिळालाय आणि व्यवस्थापनाच्या मनात भाषा-प्रयोगशाळा, म्हणजे हेडफोन लावून ऐकण्या-बोलण्याचा सराव करायची खोली, भरली आहे. भाषा शिकवण्याला खरा आधार द्यायचा तर हा पैसा कुठे लावावा?

शिक्षकांच्या वेळेवर लावा. भाषेच्या शिक्षिका आणि वर्कशॉपचे निदेशक, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकवणारे शिक्षक, यांना आठवड्यातून एक तास एकत्र बसायला द्या, आणि तो तास वेळापत्रकात छापून द्या. "जमेल तसं भेटा" असं सांगितलं की कोणी भेटत नाही; ऑफ तासाला कोणीतरी बदली तासावर पाठवतंच. मी अशा शाळांमधल्या भाषाशिक्षकांना बरीच वर्षं प्रशिक्षण देते आहे. जिथे ही जोडी जमते तिथे साध्या फळ्यावरही काम होतं. ती जमत नाही तिथे महागडे हेडफोन कपाटात पडून राहतात.

आधी तासांचा हिशेब करू, कारण तो केल्याशिवाय अपेक्षा जमिनीवर येत नाहीत. ४५ मिनिटांचे दोन तास, वर्षाचे साधारण ३५ आठवडे, म्हणजे वर्षाला साडेबावन्न घड्याळी तास. त्यातून परीक्षा, स्नेहसंमेलन, प्रात्यक्षिकांचे दिवस वजा करा. तीन वर्षांत दीडशे तास हाती लागले तरी नशीब. आता कौन्सिल ऑफ युरोप या संघटनेच्या २००१ च्या भाषा-चौकटीतल्या, म्हणजे भाषा किती येते हे मोजायच्या, पायऱ्या घ्या: ए१ (अगदी सुरुवात) पासून सी२ (पूर्ण प्रभुत्व) पर्यंत सहा. केंब्रिजच्या परीक्षा-मंडळाचा इंग्रजीसाठीचा अंदाज असा की शून्यापासून ए२ ला पोचायला शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली १८० ते २०० तास लागतात, बी१ ला ३५० ते ४००, बी२ ला ५०० ते ६००. तेव्हा शून्यातून सुरू करणाऱ्या मुलांसाठी माहितीपत्रकात "अस्खलित संभाषण" असं छापलं असेल तर ते आजच खोडा. शिक्षिकेवरचं निम्मं ओझं तिथेच उतरेल.

पण हाच हिशेब एक वाट दाखवतो. त्याच चौकटीत हेही मान्य केलेलं आहे की माणसाची भाषा सगळ्या बाजूंनी सारखी वाढलेली नसते. एखादा वाचनात बी१ आणि बोलण्यात ए२ असू शकतो, आणि अशी अर्धीमुर्धी क्षमताही क्षमताच. दीडशे तासांत सगळी भाषा येणार नाही. पण आपल्या कामाची सूचना वाचणं, एखादा बिघाड सांगणं, गिऱ्हाईक किंवा रुग्णाचं म्हणणं समजून ते दुसऱ्याला पोचवणं, एवढं नक्की येऊ शकतं. अट एकच: दीडशे तास याच कामांवर खर्च व्हायला हवेत. पाठ्यपुस्तकातलं "माझा सुट्टीतला प्रवास" वाईट नसतं, पण तेवढी चैन आपल्याला परवडत नाही.

प्रयोगशाळेबद्दल थोडा इतिहास सांगते. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि अमेरिकेला धडकी भरली. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यातून परकीय भाषांसाठी पैसा वाहू लागला आणि शाळाशाळांत टेपरेकॉर्डरच्या खोल्या उभ्या राहिल्या. पेनसिल्व्हेनिया राज्यात माध्यमिक शाळांच्या वर्गांवर याचा मोठा अभ्यास झाला. त्याचा अहवाल १९७० मध्ये पुस्तकरूपाने आला. आठवड्यातून दोनदा प्रयोगशाळेत बसवलेली मुलं आणि न बसवलेली मुलं यांच्यात लक्षात येण्याजोगा फरक सापडला नाही. यंत्रं बदलली, टेपच्या जागी टॅब्लेट आले. पण "ऐका आणि म्हणा" यात मुलाला सांगण्यासारखं स्वतःचं काही नसतं, हा मूळ दोष उपकरण बदलून जात नाही. दोन-तीन बरे स्पीकर आणि आवाज मुद्रित करता येईल असे चार फोन एवढ्यावर ऐकण्या-बोलण्याचं काम व्यवस्थित चालतं.

आता त्या एकत्र तासात करायचं काय? इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिल्या भेटीत शिक्षिकेने निदेशकांना "महत्त्वाचे शब्द कोणते" असं विचारू नये. तसं विचारलं की तीनशे नामांची यादी येते, ती मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. विचारायचं ते हे: मुलगा कामावर लागल्यावर त्याच्या हातात कोणते कागद येतील? तो कोणाशी बोलेल, आणि चूक झाली तर कुठे होईल? मग खरे कागद गोळा करायचे. जॉब कार्ड, यंत्राची माहितीपुस्तिका, औषधाच्या वेष्टनातली चिठ्ठी, खोली-नोंदणीचा अर्ज, तक्रारीचा ईमेल. जुने, तेलाचे डाग पडलेले चालतील. उलट तेच बरे, कारण ते खरे आहेत हे मुलांना बघताक्षणी कळतं.

यातला एक कागद चारही विभागांना चालतो: रसायनांचं सुरक्षा-माहितीपत्रक. रसायनांचं वर्गीकरण आणि त्यांची लेबलं यांसाठी संयुक्त राष्ट्रांची एक जागतिक पद्धत आहे, तिची पहिली आवृत्ती २००३ ची. त्या पद्धतीत या पत्रकाचे १६ विभाग ठरलेले आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. भाषा कोणतीही असो, चौथ्या विभागात प्रथमोपचार, पाचव्यात आग विझवण्याचे उपाय, आठव्यात हातमोजे-चष्म्यासारखी संरक्षणाची साधनं. धोक्याच्या वाक्यांना संकेतांक आहेत: एच २२५ म्हणजे अत्यंत ज्वलनशील द्रव आणि बाष्प, एच ३१५ म्हणजे त्वचेची जळजळ. संकेतांक सगळीकडे तोच, वाक्य त्या त्या भाषेतलं. म्हणजे एकच मजकूर दोन भाषांत समोरासमोर ठेवलेला, आणि तोही फुकट. गॅरेजमधला ब्रेक-क्लीनर, रुग्णालयातलं जंतुनाशक, हॉटेलातलं ओव्हन साफ करायचं द्रव, तिन्हींची पत्रकं या साच्यात बसतात.

पाठ असा घेता येतो. मुलांना परकीय भाषेतलं पत्रक द्या आणि परिस्थिती सांगा: सहकाऱ्याच्या डोळ्यात थेंब उडाला आहे. कोणत्या विभागात बघाल, तिथली कोणती दोन वाक्यं उपयोगी, आणि शेजारी उभ्या माणसाला त्यातलं काय सांगाल? शब्दकोश नाही. अक्षरओळख आणि थोडी सुरुवात झालेली मुलंही हे करू शकतात, कारण कागदाची मांडणी त्यांना आधार देते आणि विषय त्यांच्या हाताखालचा असतो. युरोपीय चौकटीच्या २०२० च्या पुरवणीत अशा कामाला, म्हणजे एकाला कळलेलं दुसऱ्यापर्यंत पोचवण्याला, स्वतंत्र स्थान दिलेलं आहे. तेव्हा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी "हे अभ्यासक्रमात कुठे बसतं" असं विचारलं तर उत्तर तयार आहे.

दुसरी खाण म्हणजे नियंत्रित भाषा. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिका जगभरच्या तंत्रज्ञांना कळाव्यात म्हणून युरोपातल्या विमान-उद्योगाने सोप्या तांत्रिक इंग्रजीचे नियम केले. पहिली मार्गदर्शिका १९८६ ची. आज ते नियम एएसडी-एसटीई १०० या नावाने ओळखले जातात. कृती सांगणाऱ्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनाच्या वाक्यात २५. मान्य केलेले सामान्य शब्द सुमारे ९००. त्याखेरीज आपापल्या क्षेत्रातली तांत्रिक नावं वापरायला मुभा. एका वाक्यात एकच सूचना. तुमची भाषा जर्मन असो, फ्रेंच असो की जपानी, ही शिस्त तशीच उचलता येते. मुलांना निदेशकांनी दाखवलेला जॉब, म्हणजे वर्कशॉपमधलं एखादं काम, या नियमांनी लिहायला सांगा: आठ वाक्यं, प्रत्येक वाक्यात एक क्रिया, इशारा असेल तर तो कृतीच्या आधी. मग वही बदलायची, आणि शेजाऱ्याने फक्त वाचून तो जॉब करून दाखवायचा. कुठलं वाक्य अडलं हे शिक्षिकेला लाल पेनने सांगावं लागत नाही. नट उलटा बसतो आणि वर्ग हसतो.

यातून व्याकरणाचा क्रमही आपोआप ठरतो. आज्ञार्थ आधी. मग "आधी", "नंतर", "तोपर्यंत" यांनी जोडलेली वाक्यं. मग "जर दिवा लागला नाही तर". कर्मणी प्रयोग वाचून कळला पाहिजे, लिहिता आला नाही तरी तूर्त चालेल. भूतकाळ एवढ्यासाठी की काय केलं ते नोंदवता यावं. पाठ्यपुस्तक ज्या क्रमाने जातं तो हा नाही, आणि इथे भाषेच्या शिक्षकांचा जीव कासावीस होतो हे मला माहीत आहे. पाठ्यपुस्तक फेकून देऊ नका. त्यातले कोणते धडे पूर्ण घ्यायचे, कोणते नुसते चाळायचे आणि कोणते सोडायचे हे वर्षाच्या सुरुवातीला लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या. ती सही म्हणजे व्यवस्थापनाचा अगदी स्वस्तातला आधार.

शब्दसंग्रहाबद्दल सगळ्या विभागांना एकच नियम लावू नका. वाहनदुरुस्तीत वस्तू समोर असते. बोट दाखवून काम भागतं, आणि अडतं ते क्रियापदांवर, आकड्यांवर आणि जोडशब्दांवर. रुग्णसेवेत तसं नाही. चंग आणि नेशन या भाषावैज्ञानिकांनी शरीररचनाशास्त्राच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातला मजकूर तपासला तेव्हा साधारण तीन शब्दांमागे एक शब्द तांत्रिक निघाला. तिथे संज्ञांना वेगळा वेळ द्यावाच लागतो, आणि त्यातल्या बऱ्याच लॅटिन-ग्रीक मुळांच्या असल्यामुळे ती मुळं शिकवणं फायद्याचं ठरतं. पण रुग्णाशी बोलायची भाषा निराळी. "कुठे दुखतं, कधीपासून, आधी असं झालं होतं का" यात एकही संज्ञा नाही, आणि मुली अडतात त्या तिथेच.

आकडे सगळ्यांनी गृहीत धरलेले असतात आणि सगळ्यांनी दुर्लक्षिलेले. इंग्रजीत दशांशासाठी टिंब वापरतात. जर्मन आणि फ्रेंचमध्ये स्वल्पविराम. जर्मनमध्ये तर टिंब हजारांच्या जागी येतं. मापाच्या किंवा औषधाच्या मात्रेच्या बाबतीत हा गोंधळ विनोदी राहत नाही. फ्रेंचमधले सत्तर ते नव्याण्णव (तिथे सत्तर म्हणजे "साठ-दहा") ऐकून लिहिणं हा स्वतंत्र सराव आहे. प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं आकड्यांच्या श्रुतलेखनाला द्या: मापं, वेळा, फोन नंबर, सुट्या भागांचे क्रमांक. रोज थोडं, अधूनमधून जुनं पुन्हा. विसरण्याचा वेग आणि अंतर ठेवून केलेल्या उजळणीचा फायदा जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवला होता. त्याला नवं सॉफ्टवेअर लागत नाही.

आता बोलण्याकडे येते. नागरी विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी भाषेची सहा पातळ्यांची मोजपट्टी केली आहे. आंतरराष्ट्रीय कामाला किमान चौथी पातळी लागते. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि परस्परसंवाद अशा सहा बाजू तपासतात आणि ज्यात सगळ्यात कमी पातळी मिळेल तीच अंतिम धरतात. यात परस्परसंवाद वेगळा मोजलाय हे मला फार शहाणपणाचं वाटतं. समजलं नाही तर तसं सांगणं, ऐकलेलं परत म्हणून खात्री करून घेणं, दुसऱ्या शब्दांत विचारणं हे कौशल्य आहे आणि ते शिकवावं लागतं. आपल्याकडची शांत मुलं समजलं नाही तरी मान डोलावतात. वर्गात ही सवय मोडायची तर एक नियम करा: कोणतीही तोंडी सूचना मिळाली की ती परत म्हटल्याशिवाय हात चालवायचा नाही. निदेशकांनीही वर्कशॉपमध्ये दोन-चार सूचना परकीय भाषेत द्याव्यात. त्यांचा उच्चार कच्चा असला तर उत्तमच. नोकरीच्या ठिकाणी समोरचा माणूसही बहुधा ती भाषा शिकूनच बोलणारा असेल.

अर्थात निदेशकांनी आपला सगळा विषय परकीय भाषेत शिकवावा असं मी म्हणत नाही. विषय आणि भाषा एकत्र शिकवण्याच्या पद्धतीचा १९९० च्या दशकात युरोपात मोठा बोलबाला झाला आणि ती चांगली चालते तिथे सुरेख चालते. पण निदेशकांचीच भाषा डळमळीत असेल तर मुलांची भाषा सुधारत नाही आणि विषय मात्र बिघडतो. वेल्डिंगच्या सुरक्षेचा पाठ मुलांना पक्का कळणाऱ्या भाषेतच झाला पाहिजे. भाषेच्या शिक्षिकेने तेच पुढच्या आठवड्यात परकीय भाषेतून उजळावं. संकल्पना आधी डोक्यात असली की नव्या भाषेतलं वाक्य पेलवतं. दोन्ही एकदम नवी असली की मुलं दोन्ही सोडतात. म्हणून दोघांच्या वार्षिक नियोजनाचे कागद शेजारी ठेवून भाषेचा पाठ एक-दोन आठवडे मागे लावायचा. एकत्र तासातलं हे पहिल्या क्रमांकाचं काम.

चार विभागांची मुलं एकाच भाषावर्गात असतील तर? शक्य असेल तर वेळापत्रक बदलून दोन-दोन विभाग जोडा: वाहन आणि इलेक्ट्रिकल एकीकडे, रुग्णसेवा आणि हॉटेल दुसरीकडे. पहिल्या जोडीत वस्तू आणि यंत्रं, दुसऱ्या जोडीत माणसं. तेही जमणार नसेल तर अर्धा वेळ समाईक कामांना द्या (सुरक्षा, आकडे, फोनवरचं बोलणं, तक्रार ऐकून घेणं) आणि उरलेला आपापल्या विभागाच्या खऱ्या कागदांना.

मुलांना रस नाही, या तक्रारीबद्दल एवढंच: व्यावसायिक शाखेत आलेल्या बऱ्याच मुलांना आधीच्या शाळेत भाषेच्या तासाला नापासाचा शिक्का बसलेला असतो. त्यांना पुन्हा पहिल्या धड्यापासून तेच पुस्तक देणं म्हणजे जुनी जखम उघडणं. भाषेच्या तासाला त्यांना येणारं काहीतरी शिक्षिकेला येत नसतं, ही परिस्थिती सोन्यासारखी आहे. शिक्षिकेने खरंच विचारावं, "हा भाग काय काम करतो?" आणि मुलाने मोडक्या परकीय भाषेत समजावावं. तिला इंजिन कळायलाच हवं असं नाही; उत्सुकता हवी. निधीतून शिक्षिकेला दरवर्षी काही दिवस एखाद्या गॅरेजमध्ये, वॉर्डमध्ये, हॉटेलच्या स्वागतकक्षात बसायला पाठवा आणि त्या दिवसांच्या बदली तासांचे पैसे द्या. यापेक्षा चांगला प्रशिक्षणवर्ग मी तरी पाहिलेला नाही.

परीक्षा बदलली नाही तर वरचं सगळं वर्षभरात विरून जातं. मुलं हुशार असतात. गुण कशाला आहेत ते बघून अभ्यास करतात. लेखी परीक्षा मंडळाची असेल तर ती तुमच्या हातात नाही, पण अंतर्गत गुण आहेत. ते एका तोंडी-प्रात्यक्षिक कामाला द्या, दोन्ही शिक्षकांनी मिळून तपासायच्या. निदेशक बघतील काम बरोबर झालं का, शिक्षिका बघतील संवाद झाला का. दोन गुण वेगळे लिहा. व्याकरण चुकलं पण काम झालं, आणि व्याकरण शुद्ध पण काम फसलं, या दोन मुलांना एकच आकडा देऊ नका.

निधी किती टिकेल याचाही विचार आधीच करा. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात काही माध्यमिक शाळांना भाषा-विशेष शाळा म्हणून दर्जा आणि वेगळा निधी मिळू लागला. अनेकांनी चांगलं काम केलं, शेजारच्या शाळांनाही हात दिला. पण २००४ पासून १४ वर्षांपुढच्या मुलांना परकीय भाषा सक्तीची राहिली नाही, आणि फ्रेंच-जर्मनच्या परीक्षेला बसणारी मुलं झपाट्याने घटली. पुढे तो वेगळा निधीही बंद झाला. माझ्या मते जे नियमांत आणि वेळापत्रकात बसवलंय तेवढंच पैसा संपल्यावर उरतं. म्हणून एकत्र तास निधीतून सुरू करा, पण दुसऱ्या वर्षापासून तो शिक्षकांच्या नियमित कार्यभारात मोजला जाईल असा ठराव पहिल्याच वर्षी करून घ्या.

आणि भाषांतराचं ॲप? ते वर्गात येऊ द्या. बंदी घातली तर मुलं बाकाखाली वापरतील. निदेशकांना कळणारा परिच्छेद घ्या, ॲपने केलेलं भाषांतर फळ्यावर दाखवा आणि मुलांना शोधायला सांगा की त्यातली कोणती सूचना पाळली तर यंत्र बिघडेल. कधी एकही सापडत नाही, तेही त्यांना कळू दे. हात ग्रीसने भरलेले असताना, कानावर यंत्राचा आवाज असताना किंवा घाबरलेला रुग्ण समोर असताना ॲप उघडायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून एकदा करून बघायला हरकत नाही.

पहिल्या सत्रासाठी एवढंच हाती घ्या: एक विभाग, एक जोडी, दर आठवड्याला एकत्र तास, आणि तीन खरे कागद. माझी निवड वाहनदुरुस्ती किंवा हॉटेल असेल, कारण तिथे काम डोळ्यांसमोर होतं आणि तपासायला सोपं जातं. रुग्णसेवेत रुग्णाची गुप्तता, संज्ञांचा भार आणि रुग्णालयाच्या परवानग्या असं बरंच सांभाळावं लागतं, म्हणून तो विभाग दुसऱ्या वर्षी घ्या.